लेकीचे दोन बायोडाटा



मागच्या महिन्यात मंदिरातून येताना जाऊबाई म्हणाल्या, "लेकीचा बायोडाटा पाठव गं, एक चांगलं स्थळ आलंय." घरी येऊन लगेच पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन, "अगं, यात उंची नाही, मामेकुळ नाही. हे काय भलतंच पाठवलंस?" लेकीने फेलोशिपच्या अर्जासाठी केलेला बायोडाटा माझ्याच मोबाईलमध्ये होता, तो गेला. आम्ही दोघी खूप हसलो, पण नंतर मी तो कागद पहिल्यांदाच नीट वाचला. पोटच्या पोरीबद्दलच्या दोन-तीन गोष्टी मला तिथे कळल्या.

लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. सरकारच्या योजना कशा ठरतात आणि गावापर्यंत येताना त्यांचं काय होतं, ते तिला काम करत शिकायचंय. अशा कामासाठी उन्हाळ्यात दोन महिने किंवा पुढे वर्षभर मुलामुलींना घेतात.

गेल्या वर्षी दिल्लीतल्या एका संस्थेने तिला निवडलं होतं, पण मानधन शून्य. ह्यांनी कागदावर खोली, मेस, बस यांचा हिशेब मांडला. मी तो कागद पुढे करून नाही म्हटलं. खरं सांगते, पैसे जमवता आले असते. मला भीती वाटत होती. परक्या गावात पोर, जेवणात कांदा-लसूण, दिवस मावळायच्या आत ताट कोण वाढणार? ती काही बोलली नाही. मग महिनाभर ती कामापुरतंच बोलली. ते जास्त लागलं.

बिनपगारी कामाबद्दल माझं मत मात्र आजही तेच आहे. नीती आयोगाचीच इंटर्नशिप घ्या. पदवीचं दुसरं वर्ष झालेल्यांना घेतात, बारावीला ८५ टक्के लागतात, किमान सहा आठवडे काम, आणि पैसा नाही. जिचा मामा दिल्लीत राहतो तिला हे परवडतं. जिंतूर-सेलूच्या पोरीने राहायचं कुठे? हुशारी निवडायची म्हणता आणि निवडली जाते सोय. "आपल्याला काय कमी आहे, पैशाची काय गरज" असं आपल्यातल्या काही जणी म्हणतात, तेही मला पटत नाही. मानधन मिळालं की पोरीला घरात हात पसरावा लागत नाही, आणि घरचेही त्या कामाला काम म्हणतात.

पैसे देणारी दारं आहेत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची दोन महिन्यांची इंटर्नशिप खास मोठ्या महानगरांबाहेरच्या मुली-बायकांसाठी आहे. वय २१ ते ४० (म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणीही बसतात!), महिना २०,००० रुपये आणि राहायला वसतिगृह. आपल्या राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ला सुरू झाली, मध्ये बंद पडली, २०२३ला पुन्हा सुरू झाली. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, वर्षभराचा अनुभव, आणि मराठी आलीच पाहिजे. ऑनलाइन परीक्षा, निबंध, मुलाखत अशी निवड, सोबत आयआयटी मुंबईचा अभ्यासक्रम. २०२५-२६च्या तुकडीला महिना ६१,५०० ठरले. खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिपही आहे, तिला पदवी लागते आणि वय २५च्या आत.

आता ही वयं पुन्हा वाचा. एकवीस ते सव्वीस. आपल्याकडे दुसरा बायोडाटा फिरतो तो याच वर्षांत. कॉलेजात असताना पोर वयाने लहान पडते, आणि वय झालं की आपण तिला बोहल्यावर उभं करतो. मानधनाची सगळी दारं या दोन्हींच्या मधल्या फटीत. ती फट आपण आयाच बुजवतो, सरकार नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या वर्षापासून तयारी होऊ द्या आणि पदवीनंतरची दोन वर्षं स्थळांचं नाव काढू नका. स्थळं कुठे पळून जात नाहीत.

अर्जात काय लिहायचं याची पोरींना धास्ती असते. माझ्या लेकीने लाडकी बहीण योजनेवर लिहिलं. २०२४च्या जुलैत आमच्या गल्लीतल्या बायकांचे फॉर्म तिनेच भरले होते. आधी अधिवासाचा दाखला मागत होते, तहसीलला ही गर्दी. मग पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्डही चालेल म्हणाले, आणि पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. एका अटीने किती बायका रांगेत अडकल्या आणि ती बदलल्यावर काय झालं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन पानं सरळ झाली. येलदरीचं पाणी आपल्या नळाला किती दिवसांनी येतं, अंगणवाडीत पोषण आहार कसा वाटतात, हे आपल्या पोरींना दिल्लीवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

राहिलं जेवण. लेकीनेच मला गप्प केलं. मे-जूनमध्ये दिल्लीत सूर्य सातच्या पुढे मावळतो, त्याआधी ऑफिस सुटतं. चांदणी चौकात लाल मंदिर आहे. परभणीहून सचखंड एक्सप्रेस थेट दिल्लीला जाते. खाकरे, मेतकूट, भाजलेलं पीठ मी बांधून देईन, बाकी तिचं ती बघेल.

फेब्रुवारीत तिला एकवीस पूर्ण झाली. प्राध्यापकांचं शिफारसपत्र तेवढं राहिलंय, त्यासाठी उद्या कॉलेजात जायचंय. जाऊबाई विचारतात, "अगं, तो खरा बायोडाटा कधी पाठवतेस?" पाठवलाय तोच खरा आहे, म्हटलं.