कोंडी सुटेल, जीव वाचतील का?

कळंबोलीच्या चौकाची ओळख पनवेलकरांना करून द्यायला नको. शीव-पनवेल महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मुंब्र्याकडून येणारा रस्ता आणि जेएनपीए बंदराकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना भेटतात. गोव्याकडे निघालेली वाहने येथूनच पुढे पळस्प्याकडे वळतात. लोखंड-पोलाद बाजाराचे ट्रेलर आहेतच. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे या चौकात नवे उड्डाणपूल व भुयारी मार्ग बांधणे आणि द्रुतगती मार्गाच्या मार्गिका वाढवणे, या योजनांना वेग येणे स्वाभाविक आहे. मात्र त्यांची चर्चा किती कोटी लागणार आणि किती मिनिटे वाचणार, एवढ्यावरच थांबते. किती जीव वाचणार, हा प्रश्नही त्याच कागदावर यायला हवा.

कोंडी फुटणे आरोग्याच्या हिताचेच आहे. थांबत, सरकत चालणारे अवजड वाहन त्याच अंतराला अधिक धूर सोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत टाकले. त्यातील सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. जेनेट करी आणि रीड वॉकर यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया राज्यांतील टोलनाक्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या फास्टॅगसारखी व्यवस्था आल्यावर तेथील रांगा घटल्या आणि नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे सुमारे ११ टक्क्यांनी, तर कमी वजनाची बाळे सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाली. कळंबोली, कामोठे, खांदा कॉलनीतील घरे रस्त्याला किती खेटून आहेत हे पाहिले, तर या आकड्यांचे मोल कळते.

पण रुंद केलेला रस्ता पुन्हा भरतो. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी शहरांच्या अभ्यासात दाखवून दिले की, महामार्गांच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढतात, जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी वाहनांची धावही वाढते. बंदर आणि विमानतळ दोन्ही हाकेच्या अंतरावर असताना पनवेल याला अपवाद ठरेल, असे मानायला आधार नाही. म्हणून बंदराचा माल अधिकाधिक रेल्वेने नेणे, पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वे आणि वेळेवर धावणाऱ्या बस ही कामे रुंदीकरणाची पुरवणी नव्हेत. त्यांच्याशिवाय रुंदीकरणाचा गुण टिकणार नाही.

दुसरा धोका वेगाचा. वाहतूक मोकळी झाली की वेग वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. मोटारीचा वेग ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटर असेल, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटींनी वाढतो. आता या चौकात पायी कोण असते ते पाहा. पुणे, सातारा, कोकणाकडच्या गाडीची वाट पाहत बॅगा घेऊन कडेला उभे असलेले प्रवासी, कामावर निघालेले मजूर, शाळकरी मुले. गुडघे दुखणाऱ्या आजीला चाळीस-पन्नास पायऱ्यांचा पूल दाखवून उपयोग नाही; ती दुभाजकातल्या फटीतूनच जाईल. तिला बेशिस्त म्हणण्याआधी आराखडा तपासावा. जमिनीच्या पातळीवरचा, उजेडाचा, कोरडा राहणारा भुयारी मार्ग आणि वाहत्या रस्त्यापासून दूर असलेला बसथांबा हे आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवेत.

हे होऊ शकते, याचा दाखला आपल्या दारातच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा बळी गेला. त्या वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी 'शून्य मृत्यू मार्ग' मोहीम हाती घेतली. धोक्याच्या जागी कठडे, स्पष्ट सूचनाफलक, वेगावर नजर, जखमींना लवकर मदत, असे उपाय झाले आणि पुढील काही वर्षांत मृत्यूंचा आकडा शंभराच्या खाली आला. त्यासाठी एकही मार्गिका वाढवावी लागली नाही.

तिसरा मुद्दा रुग्णवाहिकेचा. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला, 'गोल्डन अवर'ला, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात स्थान मिळाले आहे. रुग्णवाहिकेची वाट अडवणाऱ्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण तिन्ही बाजूंनी कंटेनर उभे असतील, तर ज्याला वाट द्यायची आहे तोही सरकणार कुठे? रक्तस्राव होणाऱ्या माणसाला वाचवण्याची संधी मिनिटामिनिटाला कमी होत जाते, हे सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रोज दिसते. काम चालू असतानाच्या वर्षांत तर कोंडी आणि धूळ दोन्ही वाढतात. त्या काळात रुग्णवाहिकेसाठी राखीव पट्टी, रात्री दिसतील असे अडथळे आणि धुळीवर रोजचे पाणी या अटी कंत्राटात असाव्यात, आणि त्या मोडल्यास बिल अडकावे.

पर्यावरण परवानगीच्या सध्याच्या नियमांत, अस्तित्वात असलेल्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण १०० किलोमीटरहून लांब आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जागा घेणारे असेल, तरच ते त्या कलमात येते. एखाद्या चौकाची सुधारणा त्यात बसत नाही. कायदा मागत नसला, तरी आरोग्यावरील परिणामांचा अहवाल करायला कुणी मनाई केलेली नाही. काम सुरू होण्यापूर्वीचे अपघाती मृत्यू, हवेतील सूक्ष्म कण आणि रुग्णवाहिकेला लागणारा वेळ, हे तीन आकडे महापालिकेने आणि महामार्ग प्राधिकरणाने आज नोंदवून जाहीर करावेत. पूल खुला झाल्यावर दरवर्षी तेच पुन्हा मोजावेत. नाहीतर फीत कापली जाईल, वाचलेल्या मिनिटांची जाहिरात होईल आणि वाचलेल्या जिवांचा हिशेब विचारायला हाताशी काहीच नसेल.