डळमळते इंजिन आणि दुरुस्तीची विद्या

सिग्नलपाशी थांबलेल्या मोटारीचे इंजिन, ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर संथ लयीत चालत राहण्याऐवजी, मिनिटाला आठशे फेऱ्यांवरून चौदाशेवर चढते, पुन्हा कोसळते आणि अखेर बंद पडते; अशी मोटार गॅरेजात नेली म्हणजे आधी एक सेन्सर बदलला जातो, त्याने गुण आला नाही म्हणजे दुसरा, आणि इतक्यानेही भागले नाही म्हणजे सारा दोष पेट्रोलच्या माथी मारला जातो. या रिवाजाविषयी माझी तक्रार आहे. मात्र ती कारागिराविरुद्ध नाही.

कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून केवळ कानाच्या साक्षीने ‘स्लो’ लावण्याची विद्या आपल्याकडे उस्तादाकडून शागिर्दाकडे चालत आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके देशभर लागू झाली आणि मोटारींमागोमाग दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता हवेचे मोजमाप सेन्सर करतात, इंधनाचा हिशेब ‘ईसीयू’ नावाचा संगणक ठेवतो, आणि कारखान्यात लावून मोहोरबंद केलेला थ्रॉटलचा स्क्रू जुन्या सवयीने फिरवला, तर तो हिशेब मुळातच चुकतो.

वास्तविक पुष्कळदा दोष अगदी साधा असतो. इंजिन बंद करून थ्रॉटल बॉडीवरचा रबरी पाइप काढला, की आतल्या झडपेच्या कडेला काळ्या तेलकट काजळीचे कडे दिसते. आयडलिंगच्या, म्हणजे मंदगतीने चालण्याच्या, वेळी लागणारी हवा याच कडेच्या बारीक फटीतून आणि शेजारच्या मार्गातून जात असल्यामुळे, ती काजळी हवेची वाट अडवते व फेऱ्या पडू लागतात. क्लीनरने भिजवलेल्या मऊ फडक्याने ती पुसावी (मोटरवर चालणारी झडप बोटाने रेटू नये), आणि नंतर कंपनीच्या पद्धतीने संगणकाला नव्या मंदगतीची ओळख करून द्यावी.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट किंवा एखादा व्हॅक्यूम पाइप तडकला, म्हणजे इंजिन बाहेरची हवा खेचू लागते. त्यामुळे फेऱ्या वाढतात, थ्रॉटल बंद असताना त्या वाढल्या असे पाहून संगणक इंधन तोडतो, फेऱ्या खाली आल्या की ते पुन्हा सोडतो, आणि हे चक्र अखंड चालू राहते. अशा वेळी नवाकोरा सेन्सर बसवणे म्हणजे रोग न ओळखता औषधे बदलणे होय. तडा मात्र जिथल्या तिथेच राहतो.

हे ओळखायचे तर स्कॅनरवर चालत्या इंजिनाचे आकडे दिसले पाहिजेत, आणि ते वाचण्यासाठी त्या मॉडेलचे मूळ मापही हाताशी असले पाहिजे. येथेच कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याची कोंडी होते. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड फर्मावला होता. २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्याच्या कक्षेत मोटारींचाही अंतर्भाव केला, हे स्वागतार्हच; परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. विकलेल्या प्रत्येक वाहनाची दुरुस्ती-पुस्तिका आणि निदानाचे आकडे रास्त दरात कोणाही कारागिराला मिळालेच पाहिजेत, असे बंधन सरकारने घालावे, आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती स्कॅनर सरावाचा झालेला असावा, असा बंदोबस्त राज्याने करावा.

तोवर वाचकांना एवढीच विनंती, की आयडलिंग बिघडले म्हणून कोणताही भाग बदलण्यास रुकार देण्यापूर्वी थ्रॉटल बॉडी उघडून पाहिली काय, पाइप तपासले काय आणि स्कॅनरने काय दाखवले, हे प्रश्न गॅरेजात अवश्य विचारावेत.