बंदुकीचा विमा आणि प्रमादाचा हिशेब

कॅलिफोर्नियातील सॅन होजे हे शहर आपल्या वाचकांना अपरिचित नाही. त्याला अगदी लागून मिल्पिटास आहे आणि तेथे उत्तर कॅलिफोर्नियातील जैन समाजाचे मोठे मंदिर आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले, सुना, जावई आणि नातवंडे याच परिसरात राहतात. या सॅन होजेच्या नगर परिषदेने २५ जानेवारी २०२२ रोजी एक उपविधी संमत केला. बंदूक बाळगणाऱ्या नागरिकाने दायित्व विमा उतरवला पाहिजे आणि वर्षाला सुमारे २५ डॉलर शुल्क भरले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. असा नियम करणारे अमेरिकेतील ते पहिले शहर ठरले. विमा आणि शुल्क यांवर मतदान स्वतंत्रपणे झाले. विम्याच्या बाजूने १० विरुद्ध १ असा कौल पडला, तर शुल्काच्या बाजूने ८ विरुद्ध ३.

ज्याचे सारे आयुष्य तारण, जामीन आणि विम्याच्या कागदपत्रांत गेले, त्याला ही बातमी सहज ओलांडून पुढे जाता येत नाही. गोदामातील मालाचा, वाहनाचा, कर्जदाराच्या आयुष्याचा विमा आम्ही पाहिला. बंदुकीने दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा मात्र नवीन होता. त्याला बंदूकधारकांनी एवढा प्रखर विरोध का केला, आणि त्या विरोधात तथ्य किती, हे पाहण्यासारखे आहे.

पार्श्वभूमी दुःखद आहे. २८ जुलै २०१९ रोजी सॅन होजेच्या दक्षिणेस असलेल्या गिलरॉय या गावी लसणाचा प्रसिद्ध वार्षिक उत्सव चालू असताना १९ वर्षांच्या एका युवकाने गोळीबार केला. तिघे मृत्युमुखी पडले. त्यांत सॅन होजेचा एक सहा वर्षांचा मुलगा होता. ही रायफल कॅलिफोर्नियात त्या युवकाला विकत मिळाली नसती. त्याने ती शेजारच्या नेवाडा राज्यातून कायदेशीरपणे आणली होती. पुढे २६ मे २०२१ रोजी सॅन होजेतच, शहर वाहतूक सेवेच्या रेल्वे आगारात एका कर्मचाऱ्याने आपल्या नऊ सहकाऱ्यांचे प्राण घेतले. मृतांमध्ये पंजाबात जन्मलेला ३६ वर्षांचा एक शीख चालकही होता. तत्कालीन महापौर सॅम लिकार्डो यांनी गिलरॉयनंतर मांडलेली विम्याची कल्पना या दुसऱ्या घटनेनंतर मार्गी लागली.

महापौरांचा युक्तिवाद हिशेबाचा होता. बंदुकीच्या जखमांमुळे रुग्णवाहिका, पोलीस, रुग्णालये यांवर सॅन होजेच्या करदात्यांचे दरवर्षी सुमारे ४ कोटी डॉलर खर्च होतात, असा अंदाज एका संशोधन संस्थेने शहरासाठी काढला होता. हा खर्च ज्याच्या घरी बंदूक नाही त्यानेही का सोसावा, असा त्यांचा प्रश्न. शुल्कातून येणारा पैसा सरकारी तिजोरीत न जाता एका स्वतंत्र सेवाभावी संस्थेकडे जावा आणि बंदूकधारकांच्याच कुटुंबांसाठी, म्हणजे आत्महत्या प्रतिबंध, घरगुती हिंसा, सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण यांसाठी वापरला जावा, अशी योजना होती. ज्यांना खर्च झेपणार नाही त्यांना सूट होती. नियम मोडल्यास तुरुंग नव्हता, केवळ प्रशासकीय दंड होता.

आता विरोधकांची बाजू. ती ऐकताना आपल्या देशाचे माप लावून चालणार नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक ही परवान्याची वस्तू आहे. शासनाने दिली तर मिळते, नाही दिली तर नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणारी अग्निशस्त्रे तीनवरून दोनवर आणली, तेव्हा फारसा गाजावाजाही झाला नाही. अमेरिकेत १७९१ पासून संविधानाची दुसरी दुरुस्ती उभी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा व्यक्तीचा हक्क असल्याचे सांगितले, २०१० मध्ये तो राज्यांवर व शहरांवरही बंधनकारक ठरवला, आणि जून २०२२ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटले की शस्त्रांवरील कोणतेही बंधन त्या देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसणारे असले पाहिजे. म्हणून तेथील बंदूकधारक जेव्हा ‘हक्क बजावण्यासाठी फी कशी घेता?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या मनात मतदानासाठी फी मागण्यासारखे काहीतरी असते. हे आपल्याला पटो वा न पटो, तो प्रश्न पोकळ नाही.

त्यांचा दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. गुन्हेगार विमा उतरवणार नाही. जो नियम पाळतो, बंदूक कपाटात ठेवतो, त्यानेच हप्ता भरावा आणि चोरीची बंदूक घेऊन फिरणारा मोकळा राहावा, हा कोणता न्याय? शिवाय गरीब वस्तीत रात्रपाळी करून परतणाऱ्या माणसाला स्वसंरक्षणाची गरज श्रीमंतापेक्षा जास्त असते आणि २५ डॉलरही त्यालाच जास्त जाणवतात. कोविडच्या काळात आशियाई वंशाच्या लोकांवर हल्ले वाढले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी शस्त्र हाती धरले नव्हते अशा काही आशियाई कुटुंबांनीही बंदूक घेतली. त्यांना केवळ हिंसाप्रिय म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार केले ते याच भानातून. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा सोडावी. आक्रमकाचा प्रतिकार करताना घडणारी विरोधी हिंसा त्याच्या मर्यादित व्रतात पूर्णतः टळत नाही, हे त्यांनी मान्य केले आहे.

उपविधी संमत होताच बंदूकहक्कांसाठी लढणारी एक राष्ट्रीय संघटना आणि करदात्यांची एक संघटना न्यायालयात गेली. येथे बँकवाल्याला आनंद होईल असा एक प्रसंग घडला. इतिहासात असा विमा कोठे होता, हे शहराला दाखवायचे होते. एकोणिसाव्या शतकात असा विमाच नव्हता. परंतु १८३६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने आणि त्यानंतर इतर काही राज्यांनी जामीनकतब्याचे कायदे केले होते. शस्त्र घेऊन फिरणाऱ्या माणसापासून धोका आहे अशी कोणी तक्रार केली, तर त्याला शांतता राखण्याची हमी म्हणून जामीन द्यावा लागे. शांतता भंगली तर रक्कम जप्त. ऑगस्ट २०२२ मध्ये फेडरल न्यायाधीश बेथ फ्रीमन यांनी हे साम्य पुरेसे मानून उपविधीला तात्पुरती स्थगिती देण्यास नकार दिला. देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यू जर्सी राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये, सार्वजनिक ठिकाणी बंदूक बाळगणाऱ्यांना विम्याची सक्ती करणारा कायदा केला. तेथे मे २०२३ मध्ये फेडरल न्यायाधीश रेने बम्ब यांनी त्या तरतुदीला स्थगिती दिली. जुना जामीन ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याकडूनच घेतला जाई. हा विमा मात्र सरसकट सर्वांवर लादला जातो, हा भेद विरोधकांच्या बाजूने आहे. जामिनाच्या कागदांवर सह्या घेण्यात वर्षे घालवलेला माणूस म्हणून मला हा भेद खरा वाटतो.

शहर आणि राज्य यांच्यातील ओढाताण हा आणखी एक पदर. अमेरिकेतील चाळीसहून अधिक राज्यांनी आपल्या शहरांना बंदुकीविषयी स्वतंत्र नियम करण्यास कमी-अधिक मनाई केली आहे. फ्लोरिडात तर असा नियम करणाऱ्या स्थानिक पदाधिकाऱ्याला व्यक्तिशः ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हे वैध ठरवले. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे म्हणून हा प्रयोग तेथे होऊ शकला. पुढे कॅलिफोर्नियाने राज्यपातळीवर बंदुका आणि काडतुसे यांच्या विक्रीवर ११ टक्के कर बसवला. तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला.

आता मुख्य प्रश्न. विम्याने काय साधते?

विम्याचे पहिले तत्त्व असे की जाणूनबुजून केलेल्या कृत्याची भरपाई कंपनी देत नाही. घरमालकाने स्वतः घराला आग लावली तर दावा नामंजूर होतो. म्हणजे गिलरॉय किंवा रेल्वे आगार यांसारख्या हत्याकांडातील एकाही कुटुंबाला या विम्यातून छदामही मिळणार नाही. हा विमा आहे तो अपघाताने सुटलेल्या गोळीचा. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली, तर तशी खबर देईपर्यंतची जबाबदारीही मालकाचीच. आपल्या मोटार वाहन कायद्यातील तृतीय पक्ष विम्याशी याची तुलना महापौरांनी केली नसती तरच नवल; परंतु ती तुलना अर्धीच लागू पडते. वाहनाला विमा लागतो तो सार्वजनिक रस्त्यावर आणण्यासाठी. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीसाठी कायदा आग्रह धरत नाही. सॅन होजेचा नियम मात्र घरात ठेवलेल्या बंदुकीला लागू होता; उलट सार्वजनिक ठिकाणी बंदूक बाळगण्याचा परवाना असलेल्यांनाच त्यातून वगळले होते.

समर्थकांची खरी आशा हप्त्यावर होती. बंदूक कुलूपबंद तिजोरीत ठेवणाऱ्याला हप्ता कमी, प्रशिक्षण घेतलेल्याला आणखी कमी, घरात लहान मूल असून बंदूक उघडी ठेवणाऱ्याला जास्त. म्हणजे जे पोलिसाला साधत नाही ते विमा कंपनीचा अर्ज साधेल. विचार उत्तम आहे. परंतु व्यवहारात बहुतेकांच्या घरविम्यातच हे संरक्षण आधीपासून असते, आणि तो विमा देताना कंपनी बंदुकीविषयी विचारतेच असे नाही. मग मालक एका नमुन्यावर विम्याची माहिती लिहून तो कागद बंदुकीजवळ ठेवतो आणि नियम पाळला जातो. कागद पूर्ण आणि जोखीम जशीच्या तशी, हे दृश्य कोणत्याही अंतर्गत तपासनिसाला परिचित असेल. आमच्या शाखेत रक्षकाची बारा बोअरची बंदूक असे, तेव्हा परवाना फाइलमध्ये असूनही पाळी बदलताना काडतुसे मोजून नोंदवहीत सही केल्याशिवाय कोणी घरी जात नसे. परवान्यापेक्षा ती मोजणी महत्त्वाची होती.

आणि म्हणूनच, या उपविधीचे साधन दुबळे असले तरी त्याने बोट ठेवलेली जागा योग्य होती असे माझे मत झाले आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यू चोराच्या किंवा दरोडेखोराच्या हातून झालेले नाहीत. एका वाईट रात्री, हाताशी असलेल्या बंदुकीने ते झाले. विरोधी हिंसेसाठी आणलेले शस्त्र बहुधा शत्रूची वाट पाहत कपाटात पडून राहते आणि घरातल्याच कोणाच्या हाती लागते. आत्मरक्षणाचा हक्क मांडणारे कितीही खरे बोलत असले, तरी हे आकडे त्यांच्या युक्तिवादात बसत नाहीत.

आपल्या परंपरेने या ठिकाणी एक शब्द फार काटेकोरपणे वापरला आहे : प्रमाद. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्राणघातापूर्वी प्रमत्त योगाचा उल्लेख केला. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात सांगितले की यत्नाचाराने चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली अकस्मात जीव आला तरी बंध होत नाही, आणि अयत्नाने वागणाऱ्याच्या हातून कोणी मेले नाही तरी हिंसेचा दोष टळत नाही. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच भेद सांगितले, त्यांत हिंसादान आहे : शस्त्र, अग्नी, साखळदंड अशी हिंसेची उपकरणे दुसऱ्याच्या हाती देणे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात शस्त्रांचा व्यापार विषवाणिज्यात घातला. उशीजवळच्या खणात भरलेली बंदूक कुलुपाविना ठेवणे हे देणे नव्हे, असे शब्दशः म्हणता येईल. पण घरात नैराश्यात बुडालेला तरुण किंवा सहा वर्षांचे कुतूहल वावरत असेल, तर त्या ठेवण्यात आणि देण्यात किती अंतर उरते, ते वाचकांनीच पाहावे.

सॅन होजेने २०१७ सालीच असा नियम केला होता, की मालक घराबाहेर पडताना बंदूक कुलूपबंद असली पाहिजे. त्याची चर्चा विम्याइतकी झाली नाही. मला तो नियम विम्याहून अधिक उपयोगी वाटतो, कारण तो थेट कुलपाविषयी बोलतो. अंमलबजावणी अवघड आहे, हे खरे. पोलीस घरोघरी जाऊन खण उघडून पाहू शकत नाहीत. उरतो तो शेजार.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना सांगते, की मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवण्यापूर्वी त्या घरात कुलूप न लावलेली बंदूक आहे का, ते विचारावे. आपल्या मुलांना तेथे हे विचारण्याचा संकोच वाटतो. समोरच्याला अपमान वाटेल, परके म्हणून आपल्याकडे पाहिले जाईल, अशी भीती असते. परंतु नातवाला वाढदिवसाला पाठवताना केकमध्ये अंडे आहे का, पिझ्झ्यावर काय घातले आहे, हे आपल्या सुना-मुली तिकडे निःसंकोच विचारतात, आणि यजमानही आनंदाने उत्तर देतात. त्याच दूरध्वनीत बंदुकीविषयीचाही प्रश्न विचारता येतो : घरात असेल तर कुलपात आहे ना, आणि काडतुसे वेगळी ठेवली आहेत ना? दक्ष बंदूकधारकाला या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. उत्तर टाळले गेले, तर मुलांना खेळायला आपल्याच घरी बोलवावे.