टाळ्या आणि मतें

लोकांची आवड आणि लोकांचा विश्वास या दोन वस्तु एकच आहेत, असें आपण सामान्यतः गृहीत धरून चालतों. ज्याचें भाषण ऐकावयास मैदान भरतें, ज्याच्या कोट्या घरोघर सांगितल्या जातात, ज्याची टोपी किंवा चिरूट व्यंगचित्रकारास दोन रेघांत काढतां येतो, तो पुढारी लोकांस मान्य आहे, असा आपला हिशेब असतो. या हिशेबांत कोठें तरी चूक आहे, असें मला पुष्कळ दिवस वाटत आलें आहे. आणि ती चूक दाखवावयास इंग्लंडच्या पार्लमेंटाच्या इतिहासासारखें दुसरें साधन नाहीं. तेथील पक्षांचीं भांडणें जुनीं, वर्तमानपत्रें उदंड, आणि तऱ्हेवाईक माणसांचा तर तेथें कधींच तुटवडा पडलेला नाहीं.

१९४५ सालच्या मे महिन्यांत जर्मनी शरण आली. त्या वेळीं चर्चिल यांच्याइतका लोकप्रिय पुरुष इंग्लंडांत दुसरा नव्हता. लोकमत अजमावणाऱ्या गॅलप संस्थेनें त्या महिन्यांत चौकशी केली, तेव्हां शेंकडा ८३ लोकांनीं मुख्य प्रधान या नात्यानें त्यांच्याविषयीं पसंती दर्शविली. पुढें ते निवडणुकीच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हां त्यांना नुसतें पाहावयास रस्त्यांवर झुंबड उडाली. ता. ५ जुलै रोजीं मतदान झालें. परदेशांत असलेल्या सैनिकांचीं मतें यावयाचीं होतीं, म्हणून पेट्या तीन आठवडे मोहोरबंद राहिल्या. ता. २६ रोजीं मोजणी झाली, आणि ६४० जागांपैकीं ३९३ जागा मजूर पक्षानें जिंकल्याचें जाहीर झालें. हुजूर पक्ष व त्याचे सोबती मिळून २१३ वर अडकले. ज्यांनीं टाळ्या वाजविल्या, त्यांतील पुष्कळांनीं आपलें मत दुसरीकडे टाकलें होतें.

हा कृतघ्नपणा होय, असें त्या वेळीं अनेकांनीं म्हटलें, व आजही कित्येक म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. त्या मतदारांनीं दोन प्रश्न निरनिराळे ठेविले, एवढेंच. युद्ध कोणीं जिंकून दिलें, हा एक प्रश्न; आणि आतां राहावयास घर, हाताला काम व आजाऱ्याला औषध कोण देईल, हा दुसरा. १९३० नंतरच्या वर्षांतील बेकारी लोक विसरले नव्हते. १९४२ सालच्या डिसेंबरांत बेव्हरिज यांचा समाजविम्याविषयींचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हां सरकारी अहवालासारखी रूक्ष वस्तु असूनही त्याच्या लाखों प्रती खपल्या. ज्या गॅलप संस्थेनें चर्चिल यांची लोकप्रियता मोजली, तिनेंच मजूर पक्ष पुढें असल्याचेंही पुष्कळ आधीं दाखविलें होतें, आणि तें वर्तमानपत्रांत छापूनही आलें होतें. पण पुढाऱ्यांचा विश्वास आंकड्यांपेक्षां गर्दीवर अधिक.

त्यांतच चर्चिल यांच्या हातून एक मोठी चूक झाली. ता. ४ जून रोजीं नभोवाणीवरून बोलतांना, समाजवादी राज्य चालवावयाचें तर एखाद्या तऱ्हेचा गेस्टापो इंग्लंडांतही आणावा लागेल, असें ते म्हणून गेले. ज्यांच्यावर हा आरोप होता ते पांच वर्षें युद्धमंत्रिमंडळांत त्यांच्याच शेजारीं बसून राज्य चालवीत होते! दुसऱ्या दिवशीं मजूर पक्षाचे पुढारी क्लेमेंट ॲटली यांनीं उत्तर दिलें. राग नाहीं, आरडाओरड नाहीं. युद्धांतील थोर नेते चर्चिल आणि हुजूर पक्षाचे पुढारी चर्चिल यांत केवढें अंतर आहे, हें मतदारांस स्पष्ट दिसावें, अशाच हेतूनें तें भाषण झालें असावें, अशा आशयाचें तें उत्तर होतें. खुद्द चर्चिल यांच्या वुडफर्ड मतदारसंघांत मजूर किंवा उदार पक्षानें त्यांचा मान राखून उमेदवारच उभा केला नव्हता. तरी तेथें फारसा कोणास ठाऊक नसलेला एक स्वतंत्र गृहस्थ उभा राहिला, व त्याला दहा हजारांहून अधिक मतें पडलीं. एवढ्या लोकांना दुसरें कोणीच मिळालें नाहीं म्हणून त्यांनीं या अनोळखी माणसाला मत दिलें!

ॲटली यांच्या वक्तृत्वाविषयीं सांगण्यासारखें फारच थोडें आहे. तोंडांत चिलीम, डोक्यावर टक्कल, आणि उत्तर बहुधा एका शब्दाचें. परंतु हा मनुष्य तरुणपणीं लंडनच्या पूर्व भागांतील गरीब वस्तींत मुलांसाठीं चालविलेल्या मंडळांत काम करीत राहिला. पहिल्या महायुद्धांत गॅलिपोलीस लढला. १९१९ सालीं स्टेपनीचा मेयर झाला. आणि १९३५ पासून १९५५ पर्यंत वीस वर्षें त्यानें एका भांडखोर पक्षाचें पुढारीपण सांभाळलें. निवडणुकीनंतर त्याच्या पक्षाचे अध्यक्ष प्रो. लास्की हे वाटेल त्या विषयावर जाहीर बोलूं लागले, तेव्हां ॲटली यांनीं त्यांस लिहिलें कीं, आपण कांहीं काळ मौन पाळाल तर बरें होईल.

आपल्या देशाशीं त्यांचा संबंध १९२८ पासूनचा. त्या वर्षीं ता. ३ फेब्रुवारी रोजीं सायमन कमिशन मुंबईच्या बंदरांत उतरलें, तेव्हां त्याच्या सात सभासदांत ॲटली हे एक होते. सातांत एकही हिंदी मनुष्य नव्हता, म्हणून शहरानें हरताळ पाळला आणि काळीं निशाणें दाखविलीं. तो निषेध योग्यच होता. घोषणा होत्या त्या सायमन यांच्या नांवानें. ॲटली यांच्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें असेल असें वाटत नाहीं. एकोणीस वर्षांनीं, १९४७ च्या जुलैंत, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा पार्लमेंटांतून संमत करून घेतला तो त्यांच्याच सरकारनें. त्यांच्यापुढें उभे होते ते चर्चिल, ज्यांना १९३१ सालीं गांधीजी व्हाइसरॉयांच्या वाड्याच्या पायऱ्या अर्ध्या वस्त्रानिशीं चढतात, याचीच किळस आली होती. फाळणीच्या घाईचा दोष ॲटली यांच्या सरकारकडे जातो, आणि तो मी लपवूं इच्छीत नाहीं. तथापि १९४५ सालीं इंग्रज मतदारानें केवळ टाळ्यांचा कौल मानला असता, तर आपला दिवस आणखी किती लांबला असता, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

ॲटली यांच्याविषयीं एक थट्टा प्रसिद्ध आहे. रिकामी टॅक्सी मुख्य प्रधानांच्या दाराशीं थांबली, आणि तींतून ॲटली उतरले! ही कोटी चर्चिल यांच्या नांवावर खपते. वस्तुतः ती त्यांच्या कानीं घातली गेली, तेव्हां ते गंभीर झाले, व ॲटली हे सन्माननीय आणि शूर गृहस्थ असून संकटकाळीं त्यांनीं देशाची निष्ठेनें सेवा केली आहे, असली कोटी मी कधींच करणार नाहीं, असें त्यांनीं बजावलें. कोटी आजही जिवंत आहे. तो खुलासा मात्र थोड्यांसच ठाऊक.

यावर कोणी म्हणेल, तर मग अबोल व निस्तेज माणसेंच निवडावीं कीं काय? तसें माझें म्हणणें नाहीं. पार्लमेंटांतील तऱ्हेवाईक माणसांत अस्सल सोनेंही सांपडतें. चार्ल्स ब्रॅडलॉ यांचेंच उदाहरण घ्या. हे उघड नास्तिक. आपल्यासारख्या मिशन शाळेच्या अंकांत त्यांचें कौतुक कित्येकांस विचित्र वाटेल. १८८० सालीं ते नॉर्थॅम्प्टनहून निवडून आले. देवाच्या नांवानें शपथ घेण्याऐवजीं साधें प्रतिज्ञावचन देऊं द्या, अशी त्यांनीं मागणी केली. सभेनें ती नाकारली. पुढें ते शपथ घ्यावयास तयार झाले, तर तीही घेऊं देईनात. कारण अश्रद्धाची शपथ ती शपथ कसली! त्यांना एक रात्र घड्याळाच्या मनोऱ्यांत अटकेंत ठेविलें. दुसऱ्या वर्षीं तर अक्षरशः ओढून बाहेर काढलें. नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनीं काय केलें? १८८१, १८८२, १८८४ आणि १८८५ सालीं त्यांनीं त्याच माणसाला पुन्हां निवडून दिलें. त्या मतदारांत देवाला मानणारे थोडे नसावेत. आपला प्रतिनिधि आपण ठरवूं, हें त्यांना सांगावयाचें होतें. अखेर १८८६ सालीं ब्रॅडलॉ यांना जागेवर बसूं दिलें, आणि १८८८ सालीं प्रतिज्ञेचा हक्क कायद्यानें सर्वांना मिळाला. त्यांनीं हिंदुस्थानची बाजू इतकी मांडली कीं, 'हिंदुस्थानचे सभासद' असेंच त्यांना म्हणूं लागले. १८८९ च्या डिसेंबरांत ते मुंबईच्या काँग्रेसला आले. त्या अधिवेशनास प्रतिनिधीही नेमके १८८९ होते. १८९१ सालीं ते वारले, तेव्हां अंत्यविधीस गेलेल्यांत मोहनदास गांधी नांवाचा एक विद्यार्थी होता. श्रद्धा नसलेल्या या माणसानें सर्वांच्या श्रद्धेची मोकळीक वाढविली, हें कबूल करण्यांत आपल्या श्रद्धेला कांहीं उणेपणा येतो, असें मी मानीत नाहीं.

अलीकडचें उदाहरण डेनिस स्किनर यांचें. हे कोळशाच्या खाणींतील मजूर. बोल्सोव्हरचे सभासद म्हणून १९७० पासून २०१९ पर्यंत सभेंत बसले. राणीचा निरोप घेऊन सभेचा अधिकारी दाराशीं आला, कीं त्याला एखादा टोमणा मारणें हा त्यांचा जवळ जवळ वार्षिक विधि झाला होता. त्यांचा टोमणा काय होता हें वर्तमानपत्रें आवडीनें छापीत. पण हा गृहस्थ आपली नेमलेली जागा सोडीत नसे, आणि परदेशच्या सफरी व पार्लमेंटांतील मद्यगृहें यांपासून दूरच राहिला, हें त्या बातमींत क्वचितच येई.

आणि डेव्हिड सच! ह्या गाणाऱ्या विदूषकानें स्वतःस 'लॉर्ड' हा किताब आपणच देऊन टाकला, उंच टोपी घालून चाळीसएक निवडणुका लढविल्या, आणि एकही जिंकली नाहीं. १९९० सालीं बूटल येथील पोटनिवडणुकींत त्याला ४१८ मतें पडलीं. माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांच्या पक्षाच्या उमेदवारास १५५. पुढच्याच महिन्यांत ओवेन यांनीं पक्ष गुंडाळला. परंतु विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावी ती गोष्ट निराळी. १९६३ सालीं हाच सच तरुणांच्या पक्षाच्या नांवानें प्रथम उभा राहिला, तेव्हां मतदानाचें वय एकवीसवरून अठरावर आणा, अशी त्याची मागणी होती. लोक हंसले. १९६९ सालीं पार्लमेंटानें तेंच केलें. आपल्या देशांत ही सुधारणा १९८९ सालीं अमलांत आली. म्हणजे हा अंक वाचणारे वरच्या वर्गांतील विद्यार्थी दोन-तीन वर्षांत मतदार होणार.

म्हणून रंगतदार मनुष्य दिसला कीं तो पोकळ समजावा, हेंही खोटें. रंगाच्या मागें काय आहे, तें पाहिलें पाहिजे. बोरिस जॉन्सन यांच्या बाबतींत तें पाहावयास लोकांना फार वेळ लागला. विस्कटलेले केंस, लॅटिन म्हणी, हातांत दोन निशाणें घेऊन दोरीवर मध्येंच लटकलेले लंडनचे मेयर, हें २०१२ सालचें चित्र जगानें पाहिलें. दुसरा कोणी पुढारी अशा फजितीनें कायमचा हास्यास्पद झाला असता. हे अधिक आवडते झाले. २०१९ च्या डिसेंबरांत त्यांच्या पक्षानें ३६५ जागा जिंकल्या. त्याच निवडणुकींत स्किनर पडले. पुढें साथीचे निर्बंध सर्व देशाला लावणाऱ्या या मुख्य प्रधानांसच ते मोडल्याबद्दल २०२२ च्या एप्रिलांत दंड झाला, आणि जुलैंत स्वतःच्याच मंत्र्यांनीं धडाधड राजीनामे दिल्यावर त्यांना पद सोडावें लागलें. आपल्या आजारी आईबापांस भेटणें ज्यांनीं नियमासाठीं टाळलें होतें, त्यांना आतां त्या विस्कटलेल्या केंसांचें हंसूं येईना. शमुवेलाच्या पुस्तकांतील शौल राजाही गर्दींत सर्वांहून उंच दिसे, आणि लोकांनीं त्याचा जयजयकार केला होता.

आपल्याकडे वर्गप्रमुखाची निवडणूक होते, तींतही मीं हाच प्रकार पाहिला आहे. शिक्षकांची नक्कल हुबेहूब करणारा मुलगा हमखास निवडून येतो. आणि सहलीच्या वर्गणीचा हिशेब द्यावयाची वेळ आली, कीं मागल्या बांकावरच्या अबोल मुलाचा शोध सुरू होतो. यांत दोष मुलांचाच आहे, असें नाहीं. रात्रीं जेवतांना आपण वडील माणसें पुढाऱ्यांविषयीं काय बोलतों? कोणीं कोणास कसें निरुत्तर केलें, हें रंगवून सांगतों. कोणत्या कायद्यानें कोणाचें काय होणार, हें मुलांच्या कानांवर घरीं क्वचितच पडतें.

२००२ सालीं इंग्लंडच्या नभोवाणी मंडळानें सर्वांत थोर ब्रिटिश व्यक्ति कोण, असें लोकांना विचारलें, तेव्हां पहिले आले चर्चिल. २००४ सालीं विसाव्या शतकांतील सर्वोत्तम मुख्य प्रधान कोण, असें १३९ प्राध्यापकांना विचारलें, तेव्हां पहिले आले ॲटली, व चर्चिल दुसरे. मला या दोन्ही निकालांत विरोध दिसत नाहीं. प्रश्नच दोन होते.

१९४५ सालच्या त्या २६ जुलैच्या संध्याकाळीं चर्चिल राजीनामा देऊन राजवाड्यांतून परतले, आणि थोड्या वेळानें घरची एक लहानशी मोटार दाराशीं आली. ती ॲटली यांच्या पत्नी चालवीत होत्या. सबंध निवडणूकभर त्यांनींच ती चालविली होती. राजे सहावे जॉर्ज हेही बुजरे, आणि ॲटली हे असे. दोघेही बराच वेळ कांहीं न बोलतां उभे राहिले, असें सांगतात. शेवटीं ॲटली म्हणाले, "मी निवडणूक जिंकलों आहें." राजे म्हणाले, "ठाऊक आहे. सहाच्या बातम्यांत ऐकलें."