हेडफोनला दाब किती हवा?



या खेपेला पिकाबद्दल काही नाही. निफाड तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र बरेच दिवस टेबलावर पडून आहे, त्याला उत्तर देतो. त्यांचे मामंजी वर्षानुवर्षे मळणीयंत्रावर आणि ट्रॅक्टरवर राबले. आता ऐकू कमी येते. अभंग आणि नाट्यगीतांची आवड मात्र तशीच आहे. आवाज मोठा केला की नातवंडांचा अभ्यास होत नाही. पुण्याला नोकरीस असलेल्या धाकट्या मुलाने त्यांना भारी किमतीचा हेडफोन आणून दिला, तर मोबाईलवर तो दबका वाजतो. माळ्यावर जुना स्टिरिओ अँप्लिफायर आहे. त्याला जोडला तर चालेल, की दोन्ही वस्तू जळतील, असे ताई विचारतात. दोन गाभण शेळ्या येतील एवढ्या पैशांची वस्तू, तेव्हा भीती वाटणे रास्तच आहे.

ताई, चालेल. बहुधा चांगलाच चालेल. मात्र हेडफोनच्या खोक्यावर ओहमचा आकडा किती आहे ते आधी पाहा. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचे एचडी ६०० आणि एचडी ६५० हे नावाजलेले हेडफोन ३०० ओहमचे आहेत. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० तर ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन तऱ्हांत निघाला.

ओहम म्हणजे अडथळा. आपण पाण्याच्या भाषेत बोलू. व्होल्टेज म्हणजे दाब आणि करंट म्हणजे वाहणारे पाणी. ३०० ओहमचा हेडफोन तुषार सिंचनासारखा असतो. त्याला पाणी थोडे लागते, पण दाब पाहिजे. ३२ ओहमचा हेडफोन पाटाच्या पाण्यासारखा. दाब कमी चालतो, पाणी जास्त लागते. मोबाईल देतो अर्धा ते एक व्होल्ट. गच्चीवरच्या टाकीचे पाणी तुषारच्या नोझलला जोडले तर नोझल फिरत नाही, नुसते ठिबकते. मामंजींच्या हेडफोनचे तेच होत असावे.

आता अँप्लिफायरचा हिशेब. एचडी ६५० ला एक व्होल्ट दिला की १०३ डेसिबल आवाज निघतो. गाण्यातल्या तबल्याच्या थापेसारख्या क्षणभराच्या उसळीसाठी ११० डेसिबल धरले, तरी सव्वादोन व्होल्ट पुरतात. ताकद म्हणाल तर अवघी १७ मिलिवॅट. आणि ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट देणारा अँप्लिफायर २० व्होल्टपर्यंत जातो. म्हणजे विहिरीत पाणी मुबलक आहे. ते सोडायचे किती, एवढाच प्रश्न.

जुन्या स्टिरिओच्या दर्शनी भागावर हेडफोनसाठी पाव इंची भोक असते. बहुतेक अँप्लिफायरमध्ये त्यासाठी आत वेगळे यंत्र नसते. स्पीकरकडे जाणाऱ्या तारेतूनच दोन-चारशे ओहमचा रेझिस्टर घालून ही वाट काढलेली असते. आपल्या ठिबकच्या गाळणीत कचरा अडकला की काय होते ते आठवा. पाणी जास्त खेचले की दाब पडतो, थोडे खेचले तर फारसा फरक पडत नाही. म्हणून ३०० ओहमचा हेडफोन या जुन्या भोकावर सुखाने वाजतो, आणि ३२ ओहमच्या पुष्कळ हेडफोनांचा खर्ज ढिला, घुमणारा होतो. आवाज मोठा येतो, पण शब्द मागे पडतात. जाणकारांचा ठोकताळा असा की अँप्लिफायरच्या वाटेतला अडथळा हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा. ३०० ला तो थोडाफार मोडला तरी चालते, ३२ ला मोडू नये. तसा हेडफोन असेल तर हेडफोनसाठीच बनवलेला छोटा अँप्लिफायर घेतलेला बरा.

काही हेडफोन फारच हट्टी असतात. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीने १९८९ साली के १००० काढला, तो थेट स्पीकरच्या तारांवरच जोडायचा होता. ते वाचून कोणी आपला साधा हेडफोन अँप्लिफायरच्या मागच्या स्पीकरच्या खुंट्यांना जोडू नये. पन्नास वॅट त्या केसाएवढ्या तारेत गेले तर ती डोळ्यांदेखत जळेल. दुसरे असे की हेडफोनच्या पिनेत डाव्या-उजव्या बाजूंची परतीची तार एकच असते. काही अँप्लिफायरमध्ये काळ्या खुंट्याही जिवंत असतात. त्या दोन्ही एकत्र झाल्या की अँप्लिफायरच बसतो. लाऊडस्पीकरवाल्यांच्या १०० व्होल्टच्या लाईनला तर हेडफोन कधीच लावू नये.

माळ्यावरून अँप्लिफायर उतरवला की लगेच प्लग लावू नका. उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का ते पाहा. धूळ झटका. जुने कपॅसिटर सुकतात, म्हणून एकदा कारागिराला दाखवा. त्याला हेडफोनच्या भोकावर डीसी व्होल्टेज मोजायला सांगा. आवाजाचे बटण शून्यावर असताना मीटरने ५० मिलिव्होल्टच्या आत दाखवले पाहिजे. जास्त दाखवले तर दुरुस्तीशिवाय हेडफोन लावायचा नाही. मीटर मोटरच्या पेटीसाठी तुमच्या घरातही असेलच. व्होल्टेज कमीजास्त होत असेल तर मध्ये स्टॅबिलायझर ठेवा. पिन घालताना आणि काढताना आवाज शून्यावर आणावा. हेडफोनची पिन बारीक असेल तर जाड अडॅप्टरऐवजी आखूड तारेची जोडणी घ्या, नाहीतर वजनाने भोक सैल होते. पिन घालूनही स्पीकर वाजत राहिले तर घाबरू नका, दर्शनी भागावरचे स्पीकरचे बटण बंद करायचे असते.

इथवर यंत्राचे झाले. मला काळजी आहे ती मामंजींच्या कानांची. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर कानाशी ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या मापाने ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटे. कानातले जे बारीक केस एकदा मेले ते पुन्हा उगवत नाहीत. अशा माणसाचे आधी वरचे स्वर जातात, म्हणून गाणे ऐकू येते पण शब्द कळत नाहीत. तो बटण फिरवत जातो, आणि ताकदवान अँप्लिफायर त्याला नाही म्हणत नाही. उरलेले कानही त्यात जातात.

तेव्हा अँप्लिफायर कारागिराकडे नेण्याआधी मामंजींना जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात न्या आणि ऑडिओमेट्री करून घ्या. कदाचित कानात नुसता मळ असेल. श्रवणयंत्र लागेल असे निघाले तर ते आधी, हेडफोन नंतर. श्रवणयंत्र घातल्यावर कानावर बसेल असा मोठ्या गाद्यांचा हेडफोन लागतो, बारीक गादीचा शिट्टी देतो. बटणाच्या ज्या खुणेवर पलीकडे बसलेल्या सुनेचे साधे बोलणे त्यांना ऐकू येते, तिथे तांबड्या रंगाचा ठिपका लावा. हेडफोन कानावर ठेवून कोणी गोठ्यात वा मोटरच्या खोलीत जाऊ नये. रात्री साप फुसकारला तरी कळणार नाही.

ताई, अँप्लिफायरच्या मागच्या पाटीवर वॅट, ओहम आणि बनावटीचे नाव लिहिलेले असते. ते आणि हेडफोनच्या खोक्यावरचा आकडा कार्डावर उतरवून पाठवा. मामंजींच्या तपासणीचा कागदही सोबत जोडा.