फर्स्ट परेडशिवाय गाडी बाहेर नाही



आज जरा रोखठोक लिहितो. ज्यांचे पाय साथ देत नाहीत अशा माजी सैनिकांना बॅटरीवर चालणारी मोबिलिटी स्कूटर मिळू लागली आहे. कुणाला मुलगा घेऊन देतो, कुणाला एखादी संस्था, तर कुणाला मेळाव्यात मंचावर बोलावून, हार घालून चावी दिली जाते. फोटो निघतो, टाळ्या होतात आणि गाडी घरी जाते. ती चालवायची कशी, हे मात्र कुणी शिकवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शिकवल्याशिवाय गाडी देणं म्हणजे अर्धंच काम करणं, आणि उरलेलं अर्धं काम आपण फौजी लोकांनीच करायला हवं. कारण ते आपल्याला येतं.

फौजेत ड्रायव्हर केडर केल्याशिवाय जवानाला वन टनची चावी मिळत नाही. केडर झालं तरी रोज सकाळी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड आणि संध्याकाळी लास्ट परेड चुकत नाही. शेजारी को-ड्रायव्हर असतो. गाडी मागे घेताना खाली उतरून हात दाखवणारा माणूस लागतोच. हे सगळं विशीतल्या, धडधाकट पोरासाठी. आणि सत्तरीतल्या, एक पाय गमावलेल्या सुभेदार साहेबांना आपण खोक्यातून काढलेली गाडी देतो आणि वर म्हणतो, “सोपी आहे, जमेल तुम्हाला.”

सध्या माझं पोस्टिंग वेलिंग्टनला आहे. निलगिरीत, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर. कुन्नूर ते उटी जाणारी छोटी रेल्वे इथूनच जाते. चहाचे मळे, धुकं, वर्षातून दोन पावसाळे, सगळं छान आहे. पण सपाट रस्ता शोधून सापडत नाही. घरातून बाहेर पडलं की एक तर चढ, नाहीतर उतार. आजूबाजूच्या गावांत माजी सैनिकांची घरं भरपूर आहेत, आणि अशा ठिकाणी या स्कूटरची खरी परीक्षा होते.

इथल्याच एका सुभेदार साहेबांची गोष्ट. साखरेच्या आजारात डावा पाय गुडघ्याखाली गेला. मुलाने बाहेरगावाहून स्कूटर मागवून दिली. दोन महिने साहेब खूश होते. सकाळी चहाच्या टपरीवर जायचे, जुन्या सोबत्यांना भेटायचे. एक दिवस घराजवळच्या उतारावर त्यांनी गाडी तिरकी वळवली आणि ती कलंडली. गळपट्टीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण तेव्हापासून स्कूटर ताडपत्रीखाली आहे आणि साहेब खिडकीपाशी. घरचे म्हणतात, नकोच ती गाडी. साहेबही आता काही बोलत नाहीत. मला अपघातापेक्षा हे गप्प बसणं जास्त लागलं. आणि ज्या कारणाने गाडी कलंडली, ते अर्ध्या तासात शिकवता आलं असतं.

आधी एक घोळ मिटवू. मोबिलिटी स्कूटर म्हणजे बाजूला दोन चाकं लावलेली आपली नेहमीची पेट्रोल स्कूटर नव्हे. ती मोटार वाहन आहे, तिला लायसन्स लागतं. ॲलिम्कोची बॅटरीवरची तीनचाकीही वेगळी. मोबिलिटी स्कूटर म्हणजे खुर्चीसारखी सीट, समोर हँडलचा दांडा, खाली तीन किंवा चार छोटी चाकं, आणि माणूस भराभर चालेल साधारण तेवढा वेग. काही मॉडेल याहून जोरात पळतात. ब्रिटनमध्ये फुटपाथवर ताशी चार मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर, ही मर्यादा आहे. रस्त्यावर चालणाऱ्या मोठ्या स्कूटरला आठ मैल. आपल्याकडे या गाडीसाठी असा सुटसुटीत, वेगळा नियम लोकांना माहीत नाही. ढोबळ मानाने, मोटर पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल तर बॅटरीची गाडी मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून गाडी घेतानाच विक्रेत्याकडून मोटरची ताकद आणि कमाल वेग लिहून घ्या.

आता मुद्द्यावर येऊ. आपल्याच भाषेत सांगतो.

फर्स्ट परेड. बॅटरीचा काटा बघा. टायरमध्ये हवा बघा. एका बाजूची हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. सीट फिरणारी असते, ती खटका पडून समोर घट्ट बसली आहे का, हलवून बघा. हँडलचा दांडा घट्ट आहे का बघा. मागे दोन छोटी चाकं असतात, गाडी मागे उलटू नये म्हणून. काही जण ती अडतात म्हणून काढून टाकतात. काढू नका. आणि बसताना-उतरताना चावी बंद. चालू गाडीत चढताना हात चुकून खटक्यावर पडला की गाडी पुढे आणि माणूस खाली.

ब्रेक. बहुतेक स्कूटरला वेगळा पायाचा ब्रेक नसतो. अंगठ्याने दाबायचा खटका सोडला की गाडी आपोआप थांबते. आपल्या माणसाची अडचण इथेच होते. आयुष्यभर जीप चालवलेला माणूस घाबरला की पाय दाबतो आणि मूठ आवळतो. इथे मूठ आवळली की खटका दाबला जातो आणि गाडी आणखी पळते. म्हणून मोकळ्या मैदानात एकच कवायत पन्नास वेळा करायची: चालव, सोड, थांब. घाबरल्यावर हात सुटला पाहिजे, ही सवय डोक्यात नव्हे, हातात बसली पाहिजे.

न्यूट्रलचा दांडा. मागे एक छोटा दांडा असतो. तो ओढला की मोटर सुटते आणि गाडी हाताने ढकलता येते. पण मोटर सुटली की तिच्यासोबतचा ब्रेकही सुटतो. उतारावर कुणी मदतीला म्हणून तो दांडा ओढला, तर गाडी माणसासकट खाली जाईल. घरातल्या प्रत्येकाला, नातवंडांनाही, हे दाखवून ठेवा. सपाट जागेशिवाय त्या दांड्याला हात नाही.

चढ-उतार. नियम एकच आहे: सरळ चढा, सरळ उतरा, तिरकं नको आणि उतारावर वळण नको. चढताना अंग थोडं पुढे घ्या, उतरताना मागे टेकून बसा. हँडलजवळ कासव आणि सशाचं चित्र असलेलं एक बटण असतं. उतारावर ते कासवावरच ठेवायचं. ससा शर्यत हरला होता, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. तीन चाकांची गाडी घरात, दुकानात छान वळते, पण वळणावर लवकर कलंडते. डोंगरात चार चाकंच बरी. आणि किती चढ झेपतो, हे पुस्तिकेत अंशांत दिलेलं असतं. सरकारी मापाचा रॅम्प एकास बारा असतो, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. तो पाच अंशांपेक्षा थोडा कमी भरतो. आमच्याकडची कितीतरी घरवाट याच्या दुप्पट खडी आहे. दहा अंशांच्या उतारावर माणूस आणि गाडी मिळून 130 किलो वजन असेल, तर जवळजवळ 23 किलोची ओढ सतत खाली खेचत असते.

रेकी. गाडी घेऊन पहिल्यांदा निघण्याआधी घरातल्या कुणीतरी तो रस्ता चालून बघावा. उघडं गटार कुठे, फुटपाथ कुठे संपतो, कुत्री कुठे बसतात, परतीचा चढ किती. जाताना उतार असेल तर येताना चढ असणार, आणि चढ बॅटरी जास्त खातो. म्हणून बॅटरी निम्म्यावर यायच्या आत परत फिरायचं. फुटपाथची कड आडवी आली तर तिच्याकडे सरळ तोंड करून, आणि पुस्तिकेत दिलेल्या उंचीपर्यंतच. रुळही सरळ ओलांडायचे. तिरकं गेलं की छोटं चाक फटीत अडकतं.

रस्ता ओलांडणं. सात मीटर रुंद रस्ता ताशी सहा किलोमीटरने ओलांडायला चार सेकंदांहून थोडं जास्त लागतं. सुरुवातीची एक सेकंद धरून पाच. तेवढ्यात ताशी चाळीसने येणारी बस पंचावन्न मीटर पुढे आलेली असते. बस दिसली म्हणजे थांबायचं, अंदाज बांधायचा नाही. आणि बसलेल्या माणसाची उंची ती किती? ट्रकवाल्याला नाकासमोर उभी असलेली स्कूटर दिसतच नाही. म्हणून मागे एका लवचीक काठीला भडक झेंडी बांधा, मागच्या बाजूला चमकणारी पट्टी लावा, अंधार पडायच्या आत घरी या. फुटपाथ नसेल आणि रस्त्यावर यावंच लागलं, तर डाव्या कडेने, वाहतुकीच्या दिशेने, मागे लाल दिवा लावून. मोबाईल वाजला तर आधी बाजूला थांबा.

लास्ट परेड. चिखल पुसा. पाऊस लागला असेल तर प्लगची जागा कोरडी करून मगच चार्जिंग. चार्जर गाडीसोबत आलेलाच वापरा. लेड-ॲसिड बॅटरी वापरून झाल्यावर रिकामी ठेवू नका, तशी महिनाभर पडली तर ती खराब होते. लिथियम असेल तर दाराच्या वाटेत किंवा जिन्याखाली चार्जिंगला लावू नका. काही पेटलंच तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी.

झालं. एवढंच आहे, आणि तीन दिवसांच्या केडरमध्ये आरामात बसतं.

आता काही जण म्हणतील, या वयात कशाला ही दगदग? घरी बसावं, पोरं आहेत की बघायला. हा युक्तिवाद प्रेमाचा आहे, पण मला तो पटत नाही. कलंडण्याचा धोका दिसतो. घरी बसून राहिलेल्या माणसाचं अंग कसं आखडतं, साखर कशी वाढते, मन कसं कुढतं, ते दिसत नाही. मुरलीकांत पेटकरांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं बळ गेलं. कुणी त्यांना घरी बसवलं असतं, तर 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचं सुवर्ण मिळालं नसतं. सगळे पेटकर होत नाहीत हे मान्य. पण टपरीवर जाऊन आपला चहा आपण मागवणं, हेही एका माणसासाठी लहान पदक नाही.

दुसरे म्हणतील, फौजी माणसाला काय शिकवायचं? त्यांना मी खडकीचं उदाहरण देतो. तिथल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात 1974 पासून पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान राहतात, आणि व्हीलचेअरवर खेळतातसुद्धा. तिथे कुणी व्हीलचेअर हातात देऊन निघून जात नाही. खुर्ची हा शरीराचा भाग होईपर्यंत सराव असतो. मग घरी राहणाऱ्या पेन्शनरला तोच न्याय का नको?

तिसरा मुद्दा रस्त्याचा, आणि तो खरा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा. सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी नकोत, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये बजावलं. कागद भक्कम आहे. पण शहरातला फुटपाथ कधी होईल याची वाट बघत आपल्या आवारातला रॅम्प का अडावा? काही छावण्यांत मी असे रॅम्प पाहिलेत की त्यावरून फक्त मोटारसायकली चढतात. स्टेशनातली कॅन्टीन, दवाखाना, पेन्शनची खिडकी, या तीन जागा एका स्कूटरवाल्याला सोबत घेऊन एकदा फिरून बघा. टेप लागत नाही, तो स्वतः सांगेल कुठे अडतं.

म्हणून माझी सूचना अशी. 14 जानेवारीला आपण माजी सैनिक दिन पाळतो. त्या दिवशी भाषणं एक तास कमी करा. एमटीचा एक उस्ताद, मैदान, काही ड्रम, चुन्याच्या रेघा आणि एक उतार, एवढं प्रत्येक स्टेशनात आहे. ज्यांच्याकडे स्कूटर आहे त्यांना बोलवा, वीर नारींना आणि जवानांच्या आईवडिलांनाही. सोबत घरातला एक माणूस आणा, तो त्यांचा को-ड्रायव्हर. आणि ज्या संस्थेला गाडी द्यायची आहे तिने ठरवावं: केडर आधी, चावी नंतर.

तुमच्या ओळखीत कुणाची स्कूटर ताडपत्रीखाली असेल, तर या रविवारी एक तास काढा. हवा भरा, बॅटरी चार्ज करा, सपाट मैदानात घेऊन जा आणि म्हणा, साहेब, चालव, सोड, थांब. मीही इथे हेच करणार आहे. सुभेदार साहेबांच्या घरच्यांशी बोलणं झालंय, ते अजून पूर्ण तयार नाहीत. पण नकोही म्हणालेले नाहीत.

जय हिंद.