मोटिव्हेशन नको, काम द्या

दर वर्षी पावसाळा संपत आला की आमच्या सीएसआरवाल्यांची एक मेल येते. 'आयटीआयच्या विद्यार्थ्यांना मोटिव्हेट करण्यासाठी स्वयंसेवक हवेत.' मग आपल्यातले चार-पाच उत्साही लोक गाडी करून जातात, स्वप्नं मोठी बघा वगैरे सांगतात, ग्रुप फोटो होतो. मुलं टाळ्या वाजवतात (सामोसा मिळालेला असतो :) ) आणि मंगळवारी वर्गातले निम्मे बाक पुन्हा रिकामे.

माझं मत सरळ आहे. आधी मोटिव्हेट करा, मग ती शिकतील, हा क्रमच उलटा आहे. हाताला एकदा यश आलं की गोडी आपोआप लागते. गेली दोन वर्षं महिन्यातले दोन शनिवार मी एका आयटीआयमध्ये कोपाच्या मुलांबरोबर बसतो, त्यावरून हे बोलतोय.

कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. दहावी झालेल्या मुलांसाठी एक वर्षाचा ट्रेड. इंजिनीअरिंगला पहिलं वर्ष फुकट गेलं तरी पुढे तीन असतात. इथे दिवाळीनंतर मुलगा यायचा बंद झाला की कोर्सच गेला. बरं, त्याला बाहेर पर्याय नाही असंही नाही. गोडाऊनमध्ये किंवा डिलिव्हरीला गेलं तर पैसे लगेच सुरू होतात. म्हणजे आपल्या प्रत्येक तासाची स्पर्धा त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीशी आहे. 'आज बसून काय मिळालं?' हा त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, हिशोबाचा आहे.

याच आवारात फिटरच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बघा. मुलगा कानशीने 'जॉब' घासतोय. मधूनच त्याला ट्राय स्क्वेअर, म्हणजे आपल्या सुताराचा गुण्या, लावतो आणि उजेडाकडे धरतो. फट दिसली की पुन्हा घासायला लागतो. त्याला कोणी रागावत नाही, कोणी शाबासकी देत नाही. चूक त्याची त्यालाच दिसते, तीसुद्धा पाच मिनिटांत. आपल्याकडे बिल्ड तुटलं की लगेच कळतं, तसंच. आणि थिअरीच्या वर्गात? जर्नल तपासून परत येतं तोवर आपण काय लिहिलं होतं हेच मुलगा विसरलेला असतो. माझ्या मते मरगळीचं मोठं कारण हे आहे.

मग करायचं काय? मला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली, खरं काम. एक्सेलमधले फॉर्म्युले मी फळ्यावर शिकवत नाही. एका किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखी यादी दिली आणि विचारलं, कोणाकडे किती बाकी आहे? आधी सगळे कॅल्क्युलेटर घेऊन बसले. दीडशे ओळी बघितल्यावर 'सर, याला काहीतरी ट्रिक असेल ना?' असा प्रश्न आला. तिथे समइफ सांगितलं. आधी सांगितलं असतं तर कोणी ऐकलंच नसतं. खरी मजा पुढे. बेरीज जुळेना. कारण एकच गिऱ्हाईक कुठे 'शिंदेमामा' होतं आणि कुठे 'शिंदे मामा', मध्ये एक स्पेस. ती स्पेस शोधायला पोरं मधली सुट्टी विसरली. डेटा क्लीनिंग हा शब्द मी अजून उच्चारलेला नव्हता.

दुसरी, प्रश्न विचारा आणि गप्प बसा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रुजवली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा मत द्यायचं. मी छातीपाशी बोटं धरायला लावतो, म्हणजे मागच्याला पुढच्याचं उत्तर दिसत नाही. 'बी१ मध्ये ए१ गुणिले २ आहे. तो फॉर्म्युला बी२ मध्ये कॉपी केला, तर तो कुठल्या सेलकडे बघेल?' एवढ्यावर जे भांडण होतं ते ऐकण्यासारखं असतं. ज्याला आत्ताच कळलंय तो शेजाऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं समजावतो, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याला अजून आठवत असतं.

तिसरी, एका मशीनवर दोघे बसतात याची तक्रार न करता त्याचा वापर करा. एक टाइप करणार, दुसरा सांगणार, दहा मिनिटांनी अदलाबदल. आपण याला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतो आणि त्याचा पगार घेतो!

यावर नेहमीचा आक्षेप येतो, 'असं केलं तर सिलॅबस कधी संपणार?' आक्षेप खोटा नाही. निदेशकांना परीक्षा, रजिस्टरं, बंद पडलेली मशीनं सगळंच बघायचं असतं. पण फळ्यावर संपलेला सिलॅबस डोक्यात उतरलेला असतोच असं नाही. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या कॉलेज वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के निघालं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८. हे आयटीआयचे आकडे नाहीत, पण दिशा कळायला पुरेसे आहेत.

आणि हे काही परदेशातलं फॅड नाही. हिंदुस्तान लीव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला, तो 'काम करत शिकणे' याच तत्त्वावर. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग गावाच्या गरजेची कामं करत शिकतात. गिऱ्हाईक खरं असलं की काम नीट करावंच लागतं.

असो. यंदा ती मेल आली तर जरूर जा. पण पीपीटी घरी ठेवा आणि एखादी न जुळणारी वही घेऊन जा. जमलं तर आयटीआयमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडून आज नोकरीत असलेल्या एखाद्या मुलाला बरोबर न्या. आपल्या पॅकेजपेक्षा त्याचा पहिला पगार त्यांना जास्त जवळचा वाटतो. आणि एकदा जाऊन थांबू नका, सलग आठ-दहा शनिवार जा. एकच भाषण देऊन परत येणार असाल, तर शनिवारी घरी झोप काढलेली बरी. निदान त्या मुलांचा एक दिवस तरी वाचेल.